टिपेश्वरच्या वनात मुलांसह

उद्यान म्हणताच लहान मुलांस झोपाळा आठवतो. आम्ही पांढरकवडेकर मात्र त्यांस जवळच्या टिपेश्वर अभयारण्यात नेतो. १४८.६३ चौरस किलोमीटरांच्या या वनात साग, चितळांचे कळप व मोर पाहून मुले हरखतात. तथापि वाघ न दिसल्यास हिरमुसतात. तेव्हा आम्ही सांगतो : २०१९ साली येथलाच एक तरुण वाघ नव्या मुलुखाच्या शोधार्थ निघाला आणि शेते, रस्ते ओलांडीत, १,३०० किलोमीटरांवर पायपीट करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील पट्ट्याच्या यंत्रामुळे हे कळले. बाळांनो, झोपाळा आपल्यासाठी टांगलेला असतो. वन हे दुसऱ्याचे घर, तेही त्यास अपुरे पडणारे. तेथे यजमान भेटलाच पाहिजे, असा हट्ट पाहुण्यास शोभत नाही.