शिसवाचे पापड

पुण्याच्या टिंबर मार्केटमधल्या सॉ मिलवाल्याने फळी उलटीपालटी करून पाहिली, कडेवर अंगठा फिरवला आणि विचारलं, "साहेब, तीन मिलिमीटर? पापड लाटायचेत का शिसवाचे?" साहेबांनी मान डोलावली. मग पुढचा प्रश्न आला, आणि तो थट्टेचा नव्हता. "खिळे काढलेत ना सगळे? माझं पातं गेलं तर तुमच्या फळीपेक्षा महाग पडेल."

फळी एका पाडलेल्या वाड्यातल्या पलंगाच्या उशाकडची होती. दिवसा ऑफिसात बसणारा आणि शनिवार-रविवार गच्चीवरच्या खोलीत रंधा चालवणारा हा गृहस्थ तिच्यातून आपली तिसरी गिटार काढणार होता. तीन खिळे त्याने पक्कडीने उपसले होते. गंजाने तिथलं लाकूड काळंठिक्कर पडलं होतं आणि आरपार भोकं राहिली होती. बँडसॉमधून फळी उभी चिरून निघाली ती दोन पानांची. पुस्तक उघडावं तशी ती शेजारी-शेजारी ठेवली की डावीकडच्या जांभळ्या-तपकिरी रेषा उजवीकडे आरशात पाहिल्यासारख्या उमटतात. गिटारची पाठ अशीच जुळवतात. फक्त इथे भोकंही जुळली. तिनाची सहा झाली.

मराठी घरात शिसव म्हणजे झोपाळा, देव्हारा, आजीचं कपाट. जड, गडद, पिढ्यान्‌पिढ्या न हलणारं. गिटारच्या जगात त्याची ओळख वेगळी आहे. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या नामांकित गिटारी ब्राझीलच्या रोजवूडच्या असत. तिथून ओंडके मिळणं अवघड झाल्यावर १९६९ च्या सुमारास कंपनी आपल्याकडच्या शिसवाकडे वळली, आणि तेव्हापासून जगभरच्या गिटारींच्या पाठी या लाकडाने झाकल्या. २०१७ च्या जानेवारीत शिसवाच्या साऱ्या भाऊबंदांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा गिटार घेऊन सीमा ओलांडणाऱ्या वादकांचीही धांदल उडाली. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली.

एवढा मान मिळालेलं हे लाकूड आवाजात नेमकी किती भर घालतं? थोडीच.

हे पहिल्यांदा दाखवून दिलं ते आल्मेरियाच्या एका सुताराने. अंतोनियो दे तोरेस हे त्याचं नाव, जन्म १८१७ चा. आजच्या स्पॅनिश गिटारचा आकार आणि आतली मांडणी बऱ्याच अंशी त्याने रूढ केली. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. वरची फळी तेवढी उत्तम स्प्रूसची. बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती आजही आहे. पुढे २०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजू सहा वेगवेगळ्या लाकडांच्या. त्यात ब्राझीलचं रोजवूड होतं, आपलं शिसव होतं, महोगनीही होती. बावन्न वादकांना अंधुक खोलीत वेल्डरचे चष्मे लावून त्या वाजवायला दिल्या. डोळे मिटले तसा लाकडांचा मानमरातबही मिटला. वादकांनी सगळ्या गिटारींना जवळपास सारखेच गुण दिले.

हे वाचूनही गच्चीवरच्या गृहस्थाने शिसवच निवडलं. उघड्या डोळ्यांनी वाजवणाऱ्यालाही काही हवं असतंच. शिवाय दोन मिलिमीटरपर्यंत रंधलेली शिसवाची पट्टी ओली करून तापल्या नळीवर वाकवू लागलं की जो गोडसर वास सुटतो, त्यासाठी पुठ्ठ्याचा नाद सोडायला कुणीही तयार होईल.

खरं काम वरच्या फळीचं. ती स्प्रूसची, फिकट, दिसायला खोक्याच्या लाकडाहून फार वेगळी नाही, जाडी जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. सहा पोलादी तारांचा मिळून ताण ७५ किलोच्या घरात जातो आणि तो ब्रिजमार्फत या फळीवर अहोरात्र असतो. एक मोठा माणूस कायमचा लटकलेला, असंच समजा. फळी तुटू नये म्हणून आतून पट्ट्या लावायच्या, पण जास्त लावल्या तर ती थरथरणार नाही. पोलादी तारांच्या गिटारीत या मुख्य पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवरून जातात. १८४० च्या दशकात अमेरिकेत स्थिरावलेल्या जर्मन कारागिरांनी ही फुली रुळवली, तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पोलादाचा ताण आला तेव्हा उत्तर आधीच तयार होतं.

पट्ट्या चिकटवून झाल्या की पटाशीने त्या तासत जायचं. मडकं घेताना बायका बोटाच्या पेराने वाजवून पाहतात, तशी फळी कडेला दोन बोटांत धरून ठोकायची. सुरुवातीला 'टक्' येतो. तासत गेलं की 'टुम्' येऊ लागतो आणि मागे थोडी आस राहते. आणखी तासायचा मोह इथेच होतो. पहिल्या गिटारीच्या वेळी त्याने तो आवरला नाही. वर्षभरात ब्रिजमागची फळी पोटासारखी फुगली.

याच्या जोडीला आपला पाऊस. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने जवळपास हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आक्रसतं. जुलैच्या दमट हवेत फुगलेल्या पाठीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या तर मार्चच्या कोरड्या दुपारी पाठ आक्रसू पाहते, पट्टी तिला आक्रसू देत नाही, आणि मधोमध चीर जाते. म्हणून आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवायची हा या धंद्यातला नेम. तो पाळायला गृहस्थाने एका लोखंडी कपाटात जुना पिवळा बल्ब लावला आहे आणि आत आर्द्रतेचं घड्याळ टांगलं आहे. पावसाळ्यात घरचे लोक पापडही त्यातच ठेवू पाहतात. या एका बाबतीत सॉ मिलवाल्याचा अंदाज बरोबर होता.

नक्षीचं म्हणाल तर पाहुण्यांची नजर पहिल्यांदा तिच्यावरच जाते आणि ते विचारतात, "याचा उपयोग काय?" उपयोग बराच असतो. मधल्या गोल भोकाभोवतीच्या रंगीत कड्याचंच पाहा. भोक कापलं की लाकडाच्या रेषा तिथे उघड्या पडतात आणि चीर तिथून सुरू होऊ शकते. रेषांना आडवं जाणारं, दीड मिलिमीटर खोल बसवलेलं कडं तिला अडवायला मदत करतं. कडं आधी बसवतात, भोक मागाहून कापतात. अंगाच्या काठावरची पट्टी, म्हणजे बाइंडिंग, तीही नुसती किनार नव्हे. फळीच्या काठाला लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, ओल तिथून शिरते, आणि गिटार दाराला आपटते तीही तिथेच. पाठीच्या मध्यावरची नक्षीदार पट्टी दोन पानांचा सांधा झाकते. साडीच्या काठाचं तरी दुसरं काय असतं? काठच सर्वांत जास्त झिजतो, म्हणून तो जाड विणतात.

मिरजेचा तंबोरा पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा आणि गळा जिथे जुळतात तिथे बसवलेली कोरीव पानं डौलदार दिसतात, आणि त्यांच्याखाली सांधा असतो.

निव्वळ मिरवण्याची नक्षीही असतेच. मार्टिनची डी-४५ ही गिटार १९३३ मध्ये जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉय नटासाठी पहिल्यांदा बनली, काठभर अबलोनी शिंपल्याची झळाळी घेऊन. १९४२ पर्यंत अशा फक्त ९१ झाल्या आणि आज त्या श्रीमंतांच्या तिजोरीत शोभतात. पण तिच्याहून सुरेख दिसते ती तिची साधी बहीण डी-२८, जिच्या काठावर माशाच्या काट्यांसारखी बारीक हेरिंगबोन नक्षी होती. ही लाकडी नक्षी जर्मनीहून यायची. महायुद्धानंतर ती संपली आणि साध्या काळ्या-पांढऱ्या रेघा आल्या. पुढे संग्राहक जुन्या 'हेरिंगबोन' गिटारींमागे वेडे झाले. गंमत अशी की जवळपास त्याच काळात, १९४४ च्या अखेरीस, कंपनीने आतल्या पट्ट्या खोलगट कोरणंही थांबवलं होतं. आवाजात फरक पडला तो त्या न दिसणाऱ्या पट्ट्यांनी. श्रेय गेलं काठावरच्या माशाच्या काट्यांना. १९७६ मध्ये एचडी-२८ आणताना कंपनीने दोन्ही परत आणलं.

गृहस्थाने हेरिंगबोन लावली. शिंपला त्याने फक्त फिंगरबोर्डावरच्या ठिपक्यांपुरता वापरला, सोनाराच्या, केसासारख्या बारीक करवतीने कापून, नाकावर मास्क बांधून, कारण ती धूळ छातीला वाईट. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या फ्रेटवरचे हे मोठे ठिपके श्रोत्यांना दिसतात. वाजवणाऱ्याला दिसतात ते काठावरचे, मोहरीएवढे.

पाठीवरची सहा भोकं राहिली होती. आधी त्याने शिसवाचा भुसा आणि सरस कालवून ती बुजवली. वाळल्यावर ती देवीच्या व्रणांसारखी दिसू लागली. मग त्याला आठवली अमेरिकेतले गिटार बनवणारे बॉब टेलर यांची १९९५ मधली गिटार. माल वाहण्याच्या टाकाऊ लाकडी पॅलेटपासून ती केली होती, उत्तम लाकूडच हवं हा समज मोडायला. त्यात खिळ्यांची भोकं लपवली नव्हती. ॲल्युमिनियमच्या चकत्या बसवून उलट उठवली होती, आणि फिंगरबोर्डावर चक्क फोर्कलिफ्ट जडवली होती. गृहस्थाने भुसा कोरून काढला आणि चार मिलिमीटरच्या शिंपल्याच्या सहा चकत्या पाठीवर बसवल्या. वाजवताना त्या शर्टाला टेकतात, कुणाला दिसत नाहीत.

शेवटी पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने शेकडो हात फिरवायचे. झारखंडातल्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली ही लाख स्पेनमधले कारागीरही वापरत आले. स्पिरिटने शिसवाचा जांभळा रंग सुटतो, आणि इथे तो ओढला गेला थेट हेरिंगबोनच्या पांढऱ्या रेघांवर. दोन वीत लांबीची नक्षी गुलाबी झाली. नखाएवढ्या पात्याने एकेक काटा खरवडून पांढरा करण्यात गणपतीचे दहा दिवस गेले.

तारा चढल्यावर तो गिटार घेऊन टिंबर मार्केटला गेला. सॉ मिलवाल्याने ती हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला, तारांना हात लावला नाही. उलटी केली. चकत्यांवरून अंगठा फिरवला, एक, दोन, तीन, मग आरशातल्या तीन.

"म्हणजे तीनच होते," तो म्हणाला. "मला चार वाटले होते. महिनाभर घाबरत पातं चालवलं."