गोठ्यातलं घर आणि घोडीचे वीस गुंठे



२०१९ ला आमची भावाभावांची वाटणी झाली. थोरल्याला गावातलं घर गेलं, मला वस्तीवरचा दगडी गोठा आणि त्यामागचं रान आलं. ट्रॅक्टर आल्यापासून बैलं नव्हती, गोठा मोकळाच होता. त्यातच घर केलं. वास येत नाही का, असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय.

गोठ्यात खरी अडचण असते ती मुरलेल्या मुताची. चाळीस वर्षं जनावरं बांधलेली, भिंतीला कमरेएवढा लोणा धरलेला. गवंड्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "तात्या, इथं सिमेंटचा गिलावा टिकायचा नाही. ओल आत कोंडली की पापुद्रे सुटत्यात." मग सांधे उकरून भिंती उन्हाळाभर उघड्या ठेवल्या आणि चुन्याचा गिलावा केला. चुन्यातनं ओल बाहेर पडते. पावसाळ्यात थोडा लोणा अजून फुटतो, तो कुंच्यानं झाडून काढतो. खालची दीड फूट माती काढली, पण फेकली नाही बरं का. नत्र आन् पालाश फुकटचं! मक्याच्या रानात पातळ पसरली. जाड टाकू नका, क्षारही त्यातच असतात. गव्हाण तशीच ठेवली, वर फळी टाकली. पाहुणे तिथंच बसतात.

आता घोडीचं. आमच्या रानात दरवर्षी मेंढ्या बसवणारे एक बापू आहेत. तीन वर्षांखाली त्यांची भीमथडी घोडी लंगडायला लागली. पाठीवर बिऱ्हाड घेऊन कोकणची वाट तिला झेपणार नव्हती. बापू म्हणाले, "तात्या, हिला तुमच्याकडं राहू द्या." राहिली.

गोठ्यात तर आम्हीच राहायला गेलो होतो, तेव्हा घोडीला मागचे वीस गुंठे दिले आणि तीन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड केली. माझ्या मते ते तिच्या भल्याचंच झालं. बंद जागेत मुताचा अमोनिया कोंडतो आणि घोड्याची छाती धरते. हौसेनं घोडा आणून दिवसभर खुंट्याला बांधणारे बघितले की राग येतो. त्याला चालायला रान पाहिजे. कुंपण बांबूचं केलं, काटेरी तारेनं घोडा पाय फाडून घेतो.

वीस गुंठ्यांत तिचं पोट भरत नाही. घोडी अडीचशे किलोची, म्हणजे रोजचा पाच किलो तरी सुका चारा लागतो. वाळलेला कडबा आणि मारवेल देतो. कोवळी ज्वारी आणि खोडव्याचे फुटवे अजिबात नाही. त्यानं घोड्याचं मागचं अंग लुळं पडतं, लघवी ठिबकत राहते. उसाचं वाढं आणि नेपियर यात ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. ते खाऊन खाऊन घोड्याच्या तोंडाची हाडं फुगतात. गाईची पेंड पण लांब ठेवा. काही पशुखाद्यात मोनेन्सिन असतं. ते गाईला चालतं, घोड्याला मात्र थोडंसुद्धा जीवघेणं. त्यात घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं परत येत नाही.

पोरगं म्हणतं, त्या वीस गुंठ्यांत ऊस लावू, वीस टन कुठं गेला नाही. हिशेब त्याचा बरोबर आहे. घोडी एक रुपया देत नाही, उलट कडबा खाते. पण आमच्या विहिरीला उन्हाळ्यात आहे त्या उसाचंच पाणी पुरत नाही, हे तो हिशेबात धरत नाही. दोन महिने आमची यावरनं धुसफूस चालली आहे. घरची कुणाचीच बाजू घेत नाही, पण भाकरी रोज एक जास्त थापते आणि ती कुठं जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

पाय बरा झाल्यावर भाद्रपदात बापूंच्या घोड्याकडनं ती भरवून आणली. येत्या श्रावणात वीण आहे. शिंगरू बापूंच्या वाड्यात जाईल, असा शब्द दिलाय. तोवर त्या रानात नांगर घालायचा नाही, एवढं पोराकडनं कबूल करून घेतलंय. पुढचं पुढं.

कोणी पशुवैद्य वाचत असतील तर सांगा, शेवटच्या तीन महिन्यांत गाभण घोडीला लसूणघास रोज किती द्यावा? सध्या दोन किलो हिरवा देतोय.