जाणत्या बैलाची सोबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातील गल्ल्यांमधून लाकडी बैलांच्या चाकांचा खडखडाट ऐकू येतो. नटलेली मुले आपापला नंदी ओढत घरोघरी जातात आणि आजी-आजोबा त्यांच्या हाती बोजारा ठेवतात. हा तान्हा पोळा. दुसरे रघुजीराजे भोसले यांच्या काळात तो सुरू झाला, असे परंपरा सांगते. महालातील भोसल्यांच्या वाड्यातला भव्य लाकडी बैल पाहण्यास आजही गर्दी लोटते.

लाकडी बैल ओढावा तिकडे येतो. जिवंत बैलाचे तसे नसते. त्यासाठी काटोल रस्त्याने शहराबाहेर पडावे. संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची शेते लागली की पांढऱ्या-करड्या रंगाची, चपळ गवळाऊ जनावरे अधूनमधून दृष्टीस पडतात. नागपूर-वर्धा हा या जातीचा मूळ प्रदेश.

गोऱ्हा साधारण तीन वर्षांचा झाला की त्याला जुवाची सवय लावतात. या भागातील जुनी रीत अशी, की नवख्या गोऱ्ह्याशेजारी शांत, जाणता बैल जुंपावा. जुवाचा स्पर्श, मागून येणारा आवाज, सारेच गोऱ्ह्याला भयावह वाटते. परंतु शेजारचा बैल निश्चिंतपणे चालत असतो आणि ती निश्चिंतता हळूहळू त्याच्यातही उतरते. आधी नुसते जू, मग हलका ओंडका, मग रिकामी बंडी आणि सर्वांत शेवटी वखर. गोऱ्हा बिचकला तर समंजस शेतकरी चाबूक उगारीत नाही, एक पायरी मागे येतो. तो थकण्यापूर्वीच जू उतरवतो, मानेवरून हात फिरवतो आणि पुढे ढेपेचा घास ठेवतो.

ज्या कृतीचे फळ सुखद, ती प्राणी पुन्हा करतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांजरांवरील प्रयोगांतून १८९८ मध्ये मांडले. शेतकऱ्याच्या हातांना ते अनुभवाने ठाऊक होते.

शहरात परतल्यावर सेमिनरी हिल्सवर फिरताना हीच रीत कुत्र्याच्या बाबतीतही आठवावी. १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय याच परिसरात आहे. जिन्यापाशी अडून बसलेला कुत्रा बहुधा हट्टी नसतो. तो भ्यालेला असतो किंवा त्याला काही दुखत असते. म्हणून आधी पशुवैद्यांना दाखवावे. मग एकच पायरी, लगेच शाबासकी, चिमूटभर खाऊ; पाच मिनिटांत शिकवणी संपवावी. ज्येष्ठांनी पट्टा मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने हिसका दिल्यास तोल जातो.

माणूस म्हणजे जनावर नव्हे. पण भीतीचा स्वभाव दोघांतही सारखाच. एकदा पडलेली आजी पुन्हा चालायला तयार होत नाही, तेव्हा घरचे तिला आळशी म्हणतात. तिचे पाय बरे झालेले असतात, धीर मात्र खचलेला असतो. डॉक्टरांचा सल्ला घेऊन आधी पलंगापासून खुर्चीपर्यंत, मग दारापर्यंत, मग अंगणापर्यंत न्यावे. पुढून ओढू नये, मागून ढकलू नये. शेजारी, तिच्याच गतीने चालावे. ती दमण्यापूर्वीच थांबावे, म्हणजे उद्या ती आपणहून उठेल.