उभी गाडी आणि विम्याचा कागद

निरपराध्यास शिक्षा होऊं नये, हें न्यायाचें पहिलें सूत्र आम्ही पस्तीस वर्षें मुलांस शिकवीत आलों. वर्गांत तें सहज पटतें. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारसायकलीस मात्र तें लागू पडत नाहीं. ती कोणाच्या वाटेंत येत नाहीं, कोणास हूल देत नाहीं. मालकानें कुलूप लावून ठेवली, एवढाच तिचा इतिहास. असें असतां कोणीतरी मागें न पाहतां आपलें वाहन मागें घेतो आणि ती आडवी होते. अपराध एकाचा, खर्च दुसऱ्याचा आणि हेलपाटे सगळ्या घराचे, असा तो प्रकार असतो. हल्लीं बहुतेक घरांत एक-दोन तरी दुचाक्या असतात. तेव्हां हा प्रसंग आज ना उद्यां पुष्कळांवर यावयाचा. म्हणून सन २०२४ च्या श्रावणांत आमच्या घरीं जें घडलें व त्यांतून विम्याविषयीं जें आम्हांस समजलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

आमचें घर पुण्याच्या जुन्या पेठेंत, एका अरुंद बोळाच्या तोंडाशीं आहे. एका चुलीवर नऊ माणसें जेवतात. थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. पहिली पाळी असली म्हणजे त्यास पहांटे पांचच्या आंत घर सोडावें लागतें, व त्या वेळीं मोटारसायकलीवांचून गत्यंतर नसतें. डिसेंबर २०२० मध्यें त्यानें ती आपल्या पगारांतून हप्त्यांनीं घेतली. त्या दिवशीं तो रात्रपाळी करून दुपारीं निजला होता; गाडी भिंतीशीं उभी होती. पाण्याचे जार पोंचविणारा एक टेंपो बोळांत शिरला, वळण्यास जागा नाहीं असें पाहून उलटा निघाला, आणि त्याच्या फाळक्याचा असा धक्का बसला कीं गाडी डाव्या अंगावर, शेजारच्या दगडी पायरीवर आपटली. आवाज ऐकून वहिनी दारांत आल्या, तों टेंपो निघून गेला होता.

घरांतील पुरुषमंडळींनीं टेंपोवाल्याच्या नांवानें बोटें मोडलीं व गाडी उचलण्यास धांव घेतली. थोरल्या पुतण्याच्या पत्नीनें सर्वांस थांबविलें. “काका, कोणीहि हात लावूं नका, आधीं फोटो घेऊं द्या,” असें म्हणून तिनें पडलेली गाडी, तिचा क्रमांक, खालीं पडलेले तुकडे व ती पायरी, अशीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं. नंतर ती समोरच्या किराणा दुकानांत गेली. दुकानाच्या दारावर कॅमेरा आहे. अशा यंत्रांतील जुनें चित्रण कांहीं दिवसांनीं नव्याखालीं पुसलें जातें, म्हणून तिनें त्याची प्रत त्याच संध्याकाळीं मागून घेतली. टेंपोचा क्रमांक तींत स्पष्ट दिसत होता. आम्हीं चौकींत जाऊन लेखी अर्ज दिला व प्रतीवर पोंच घेतली. ज्याच्या वाहनानें माणसास इजा झाली किंवा परक्याच्या मालमत्तेचें नुकसान झालें, त्या चालकानें, पोलीस जागेवर नसल्यास, चोवीस तासांच्या आंत जवळच्या ठाण्यावर वर्दी द्यावी, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १३४ वें कलम सांगतें. पुतण्यानें त्याच दिवशीं विमा कंपनीसहि दूरध्वनीवरून कळविलें व तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवला. गाडी दुरुस्तीस टाकण्याची घाई केली नाहीं. कंपनीच्या सर्वेअरनें पाहण्यापूर्वीं एक खिळाहि काढला, तर पुढें वाद उत्पन्न होतो.

रात्रीं जेवणें झाल्यावर विम्याचा कागद बैठकींत आला. विमा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशीं ‘बीम’ म्हणजे भय आहे असें सांगतात. आमच्या कानास योगक्षेम हा शब्द अधिक गोड लागतो: जें नाहीं तें मिळविणें हा योग, जें आहे तें राखणें तें क्षेम. विम्याचें तत्त्वहि आपणांस अगदींच परकें नाहीं. रानावनांतून प्रवास करणाऱ्या ऋणकोनें शेंकडा दहा व समुद्रावर जाणाऱ्यानें शेंकडा वीस व्याज द्यावें, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे. जेथें धोका अधिक, तेथें त्याचें मोलहि अधिक, हें आपल्या शास्त्रकारांनीं ओळखलें होतें.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीनें परक्याच्या जिवास किंवा मालमत्तेस जी हानि होईल तिची भरपाई पहिला भाग करितो. तो १४६ व्या कलमानें सक्तीचा आहे. आपल्या स्वतःच्या गाडीचें नुकसान दुसरा भाग भरून देतो. तो ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पहिला भाग एकदम पांच वर्षांचा घ्यावा लागतो; दुसरा बहुधा एकाच वर्षाचा असतो. येथेंच एक सांपळा आहे. कागदावर पांच वर्षांपुढची तारीख पाहून मालक निश्चिंत होतो, आणि दुसरा भाग केव्हांच संपून गेलेला असतो. अशा गाडीस कोणी धक्का दिला तर आपल्या कंपनीकडून एक छदामहि मिळत नाहीं. पुतण्यानें दरवर्षीं डिसेंबरांत दुसरा भाग वेळेवर चालू ठेवला होता, म्हणूनच दाव्यास जागा राहिली.

थोरले बंधु म्हणाले, “टेंपोचाहि सक्तीचा विमा असेलच ना? मग त्यांतून कां मागूं नये?” शंका रास्त होती. तसा हक्क आपणांस आहे; परंतु त्यासाठीं मोटार अपघात न्यायाधिकरणापुढें दावा लावावा लागतो, आणि दहा-अकरा हजारांसाठीं तारखांमागून तारखा मोजीत बसणें नोकरदारास परवडत नाहीं. धडक देणारें वाहन सांपडलेंच नाहीं तर सरकारी योजनेंतून मृत्यु झाल्यास दोन लाख व गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये मिळतात, असे १ एप्रिल २०२२ पासूनचे दर आहेत. पण ती सोय माणसांसाठीं आहे. गाडीच्या मोडतोडीस तींत जागा नाहीं. तेव्हां उभ्या गाडीचा खरा आधार म्हणजे आपल्याच विम्याचा दुसरा भाग.

मेस्त्रींनीं अंदाजपत्रक केलें. पुढचा चिमटा, हॅण्डल, लेगगार्ड वगैरे धातूचे भाग ४,८०० रुपये, दिव्याची चौकट, इंडिकेटर, मडगार्ड वगैरे प्लॅस्टिकचे भाग ३,२००, टाकीचा रंग १,६००, मजुरी १,२००, एकूण १०,८००. विमा आहे, तेव्हां सगळे मिळतील अशी पुतण्याची समजूत होती. तसें नसतें. जुन्या भागाच्या जागीं नवा बसतो म्हणून कंपनी घसारा कापते. प्लॅस्टिक, रबर व बॅटरी यांवर निम्मा; धातूवर गाडीच्या वयाप्रमाणें, म्हणजे तीन ते चार वर्षांच्या गाडीस शेंकडा २५; रंगाच्या रकमेचा चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याच्या निम्मा; कांचेवर व मजुरीवर कांहीं नाहीं. म्हणजे धातूचे १,२००, प्लॅस्टिकचे १,६००, रंगाचे २०० आणि दुचाकीच्या प्रत्येक दाव्यांतून सक्तीनें कापले जाणारे १००, मिळून ३,१०० वजा जाऊन हातीं यावयाचे ७,७००. घसारा न कापण्याचें कलम जादा हप्ता भरून घेतां येतें. आमच्या कागदांत तें नव्हतें.

शिवाय आणखी एक हिशेब. ज्या वर्षीं दावा केला नाहीं त्याबद्दल दुसऱ्या भागाच्या हप्त्यांत सूट मिळते: एका वर्षास शेंकडा २०, मग २५, ३५, ४५ व शेवटीं ५०. एक दावा केला कीं पुढच्या नूतनीकरणास सूट शून्यावर येते. आम्हीं पाटी-पेन्सिल घेतली. मूळ हप्ता एक हजार व तो स्थिर धरला, तर दाव्यामुळें पुढील पांच वर्षांत ४५०, ३००, २५०, १५० व ५०, असे एकूण बाराशें रुपये अधिक पडतात. बाराशें देऊन सात हजार सातशें घेणें शहाणपणाचें. नुसता इंडिकेटर फुटला असता तर तेंच मूर्खपणाचें ठरलें असतें. घरोघरीं हा हिशेब आधीं करावा.

येथवर सर्व सरळ होतें. मग मेस्त्री, जे आमचे जुने विद्यार्थी आहेत, हलक्या आवाजांत म्हणाले, “सर, उजवीकडचा सायलेन्सर अगोदरच चेपलेला आहे. तोहि यांतच घालून टाकूं. सगळेच घालतात. याला कशाला भुर्दंड?” सायलेन्सराची किंमत सव्वीसशें. म्हणजे कापला जाणारा पैसा बव्हंशीं भरून निघाला असता. पुतण्याचा चेहरा उजळला. गाडीचे हप्ते फिटले नव्हते; तीन हजार त्यास लहान नव्हते. तो म्हणाला, “काका, तीन वर्षं मी पैसे भरले, कधीं एक रुपया मागितला नाहीं. ते माझेच पैसे ना?”

या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस वाटलें तितकें सोपें नव्हतें. दंडनीति आम्ही सांगूं शकत होतों: खोटा दावा उघडकीस आला तर खराहि बुडतो. पण भयानें दिलेलें उत्तर भयापुरतेंच टिकतें. उत्तर वहिनींनीं दिलें. आमच्या घरीं देवघराखालीं एक सामायिक डबा आहे. कमावता प्रत्येकजण महिन्यास त्यांत कांहीं टाकतो आणि दुखण्याखुपण्यास त्यांतून निघतें. वहिनी म्हणाल्या, “तूं डेंग्यूनं आजारी पडलास तेव्हां त्या डब्यांतनं अठरा हजार गेले. त्यांत काकांचे किती, दादाचे किती, कुणी विचारलं? काकांनीं वीस वर्षं टाकले नि स्वतःसाठीं कधीं काढले नाहींत. ते म्हणाले का कीं माझे मला परत द्या?” पुतण्या कांहीं वेळ उगाच बसला. मग मेस्त्रींस म्हणाला, “सायलेन्सर राहूं द्या. दिवाळीला बघूं.”

विमा म्हणजे अनोळखी माणसांचा असाच एक डबा, हें आम्हांस त्या रात्रीं नीट उमगलें. त्यांत टाकलेला पैसा ठेव नसतो. ज्याच्यावर प्रसंग येईल त्याचा तो. ज्यावर प्रसंग आला नाहीं त्यास सुख मिळालें, हाच त्याचा वांटा. दोन दिवसांनीं सर्वेअर आले. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो हाच: “गाडी कोणत्या अंगावर पडली?” सूनबाईंनीं छायाचित्रें पुढें केलीं. मेस्त्रींनीं आमच्याकडे पाहिलें व मान खालीं घातली.

चौकीवरून क्रमांकाचा शोध लागून टेंपोचे मालक आले. बरोबर विशीच्या आंतबाहेरचा एक मुलगा होता, मराठवाड्यांतून पोटासाठीं आलेला. “आजोबा, मी घाबरलों म्हणून पळालों,” एवढेंच तो बोलला. मालक म्हणाले, “याच्या पगारांतून कापून सगळे दहा हजार देतों, अर्ज मागें घ्या.” बंधूंस तें पसंत पडूं लागलें. आम्हीं दोन गोष्टी पुढें ठेविल्या. एक, कंपनीकडून घेतलेले पैसे पुन्हां टेंपोवाल्याकडून घेणें म्हणजे एकाच जखमेस दोनदां मलम मागणें. शिवाय कंपनीनें पैसे दिले कीं तेवढ्यापुरता आपला वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो, म्हणून तिला न विचारतां ‘आमची कांहीं तक्रार नाहीं’ असें लिहून देतां येत नाहीं. दुसरी, नोकर मालकाच्या कामावर असतां जें नुकसान करितो त्यास मालक बांधलेला असतो. “टेंपो तुमचा, काम तुमचें, तेव्हां विम्यानें न दिलेले ३,१०० तेवढे तुम्ही द्यावे, आणि या मुलाच्या पगारास हात लावूं नये,” असें आम्हीं सांगितलें. बरीच घासाघीस होऊन त्यांनीं २,००० दिले. ते कशाबद्दल हें पावतींत लिहिलें व कंपनीस कळविलें. उरलेले अकराशें सामायिक डब्यांतून निघाले.

गाडी अकरा दिवसांनीं परत आली. ती घेतांना मेस्त्रींकडून जुने भाग मागून पाहिले, पुढचें चाक उचलून फिरविलें, चिमट्याच्या नळ्यांतून तेल झिरपत नाहीं ना तें पाहिलें, आणि मोकळ्या रस्त्यावर हळू नेऊन ती एका अंगास ओढत नाहीं याची खात्री केली. रंग डोळ्यांस दिसतो. वांकलेला चिमटा वेगांत असतांना समजतो, आणि तेव्हां फार उशीर झालेला असतो. कंपनीनें रक्कम देण्यांत विनाकारण अडवणूक केली तर प्रथम तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत दाद लागली नाहीं किंवा उत्तर समाधानकारक नसलें तर विमा लोकपालाकडे जावें. त्यास शुल्क पडत नाहीं, आणि पुण्यांतहि त्याचें कार्यालय आहे. आमच्यावर ती वेळ आली नाहीं.

दसऱ्यास आपण वाहनें धुतों, झेंडूच्या माळा घालतों, हळदकुंकू वाहतों. त्याच पाटावर विम्याचा कागदहि ठेवावा, आणि पूजा आटोपल्यावर घरांतील सर्वांत चिकित्सक व्यक्तीनें, बहुधा ती सूनच असेल, त्याच्या दोन्ही भागांच्या तारखा मोठ्यानें वाचून दाखवाव्या. दुसऱ्या भागाची तारीख उलटली असेल, तर सोनें वांटण्यास बाहेर पडण्यापूर्वीं ती चालू करून घ्यावी.