पाच टक्क्यांचा हिशेब



सोयाबीनची मळणी उरकत आली. सप्टेंबरच्या पावसातून जे हाती लागायचं ते लागलं, त्याबद्दल मागं लिहिलंय, पुन्हा तेच उगाळत नाही. आज पिकाबद्दल लिहीत नाही, माणसांबद्दल लिहितो. पण विषय शेतातलाच आहे.

मळणीयंत्र आणि कडबाकुट्टी, या दोन मशिनींनी आपल्या भागात किती हात खाल्ले ते तुम्हीच मोजा. दर गावात एखादा तरी निघतो. आमच्या घरातही एक आहे. माझा चुलतभाऊ, त्याला सगळं गाव बापू म्हणतं. २०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. पाणी नव्हतं, कडबा महाग झाला होता. एक काडी वाया जाऊ नये म्हणून बापू सगळी वैरण कुट्टी करूनच घालायचा. एक दिवस पेंढी आत ढकलताना रोलरनं उजवा हात ओढून घेतला. मनगटापासून हात गेला. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता.

दवाखान्यातून घरी आल्यावर भेटायला लई माणसं आली. प्रत्येकजण एकच बोलायचा, "आता शेती कशी व्हायची रे याच्यानं?" कागदाचं कोणी बोललं नाही. आम्हीच चौकशी केली तेव्हा कळलं की शेतकरी अपघात विमा योजना आहे, पण त्या वेळी ज्याच्या नावावर सातबारा त्यालाच ती लागू होती. सातबारा होता काकांच्या नावावर. नांगरणीपासून मळणीपर्यंत राबणारा बापू, पण कागदावर तो शेतकरीच नव्हता. प्रस्ताव बसला नाही.

हा नियम पुढं बदलला. २०१९ च्या शेवटी खातेदाराच्या घरातला, सातबाऱ्यावर नाव नसलेला एक माणूसही योजनेत घेतला. २०२३ पासून विमा कंपनी मधून काढून सरकार थेट अनुदान देतं. नाव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. वय १० ते ७५. मृत्यू झाला तर २ लाख. दोन हात, दोन पाय, दोन डोळे किंवा एक हात-पाय आणि एक डोळा गेला तरी २ लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, तोही अपघातानंतर ३० दिवसांच्या आत. पहिला महिना माणूस दवाखान्यात असतो आणि घरचे पैशाच्या मागं असतात. म्हणून हे काम भावकीतल्या नाहीतर शेजारच्या एकानं अंगावर घ्यावं. पंचनामा आणि दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवायचे.

आता बापूची शेती सांगतो, कारण लोकांना वाटतं एक हात गेला म्हणजे माणूस ओट्यावर बसला. बापूची तीन एकर आहे, काकांनी नंतर त्याच्या नावावर करून दिली. विळा डाव्या हातात धरतो आणि झाडं उजव्या कोपराखाली कवळून घेतो. एका दिवसात आपल्याइतकं काढत नाही, पण पात धरली की सोडत नाही. दारं धरायला त्याला कोणी लागत नाही. स्प्रिंकलरचे पाइप जोडायला मात्र बायको किंवा पोरगा लागतो, ती कडी एका हातानं बसत नाही.

सगळ्यात जास्त नडायची ती फवारणी. पाठीवरच्या साध्या पंपाला एका हातानं दांडा मारायचा असतो आणि दुसऱ्या हातात नळी धरायची असते. बापूला ते जमणार कसं? दर फवारणीला माणूस लावावा लागायचा. तीन वर्षांपूर्वी त्यानं चार्जिंगचा पंप घेतला. त्याला दांडा मारायचं कामच नाही, बटन दाबलं की झालं, नळी डाव्या हातात. आपल्यासाठी चार्जिंगचा पंप म्हणजे सोय. त्याच्यासाठी तो उजवा हात आहे. पट्ट्याचं बक्कल लावायला जड जायचं, तिथं त्यानं हूक लावून घेतला.

बँकेतला किस्सा वेगळाच. सही उजव्या हाताची होती. डाव्या हातानं सही करायला तो शिकला, पोराच्या पाटीवर गिरवून. पण बँकेत सही जुळेना म्हणून पीककर्जाचं नवंजुनं दोन महिने अडलं. हात नाही हे समोर दिसतंय, तरी जुन्या सहीसारखीच सही करा म्हणतात. शेवटी दिव्यांग प्रमाणपत्र जोडून नवीन नमुना सही नोंदवली तेव्हा काम झालं.

आता मूळ मुद्दा. दिव्यांग माणसांसाठी २०१६ साली देशाचा कायदा झाला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारचं अपंगत्व होतं, आता २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यातले लोक हेही त्यात आले. ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती मिळतात. शेतजमीन आणि घर वाटपात ५ टक्के, गरिबी हटवायच्या योजनांत ५ टक्के, सरकारी नोकरीत ४ टक्के. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. हे शेवटचं पारावर बसणाऱ्यांनी नीट वाचावं. एखाद्याला त्याच्या पायावरून, डोळ्यावरून टोपणनाव पाडून चारचौघांत हाक मारणं ही आपल्याकडं गंमत समजतात.

आणि आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्याचं भाडं, बाजाराची पावती असलं. हे बहुतेक गावांना माहीत आहे. पण होतं काय? मार्च आला की चौदा जणांना बोलवायचं, चादर नाहीतर स्टीलचा डबा द्यायचा, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. आमच्याकडंही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. फोटोत बापूचा उजवा हात दिसेल असा उभा करायचे. तो मला म्हणायचा, "दादा, डबा घरी आहे. ह्यांनी मला काय लागतं ते एकदा तरी विचारावं की."

यंदा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यानंच विचारलं. लई मोठं भाषण नाही केलं. उभा राहिला आणि म्हणाला, "मागच्या वर्षी घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली किती झाली ते वाचा." ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) रजिस्टर काढून वाचलं. सगळं मिळून ६ लाख ४० हजार. त्याचे ५ टक्के ३२ हजार. गावात नोंद असलेले दिव्यांग चौदा. मग चादरींचं बिल वाचायला लावलं. ते सात हजाराच्या आसपास निघालं. बाकीचे? "शिल्लक आहेत" म्हणाले. पैसे कोणी खाल्ले असं मी म्हणत नाही, रक्कम खात्यावर होती. पण ज्याच्यासाठी ती होती त्याला ती आहे हेच माहीत नव्हतं.

मग वाद सुरू झाला. एकजण म्हणाला, या पैशातून ग्रामपंचायतीला उतार करून टाकू, म्हणजे रॅम्प. ऐकायला बरं वाटलं. ग्रामपंचायतीला तीन पायऱ्या आहेत. तीनचाकी सायकलवाला आमचा एक भाऊ त्या दिवशीसुद्धा बाहेर खिडकीखाली थांबून सभा ऐकत होता. पण बापू म्हणाला, "उतार पाहिजेच, पण आमच्या बत्तीस हजारातून नको. इमारत गावाची आहे. म्हातारी माणसं, बाळंतीण बाया, सगळेच त्यावरून येणार. तो खर्च गावाचा." मला हे पटलं. कायद्यानं सार्वजनिक इमारतींत सगळ्यांना जाता आलं पाहिजे. जुन्या इमारती सुधारायला पाच वर्षं दिली होती, ती कधीच उलटून गेली. घर बांधताना आपण दार ठेवतो, त्याचे पैसे पाहुण्याकडून घेत नाही.

तेवढ्यात डोळ्यांनी न दिसणाऱ्या एक मावशी बोलल्या. "मला पंप नको अन् उतारही नको. मला शुगरच्या गोळ्या लागतात. रोख द्या." काहीजण हसले. पण त्यांचंही खरंच होतं. चौदा जणांची चौदा दुखणी. सगळ्यांना सारखी वाटणी केली तर बत्तीस हजाराचे प्रत्येकी दोन हजार दोनशे पंचाऐंशी होतात, त्यात एकाचं धड काही येत नाही. आणि कोणा एकाला सगळे दिले तर बाकीचे म्हणणार, आम्ही काय पाप केलं?

शेवटी ठराव असा झाला : चौदाही जणांनी काय लागतं ते लिहून द्यायचं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शाळेच्या गुरुजींनी लिहायचं, यादी सभेत वाचायची, आणि खर्च करायच्या आधी या लोकांची वेगळी बैठक घ्यायची. उताराचं काम दुसऱ्या निधीत धरायचं. दिवाळी झाली. याद्या आल्यात, बैठक अजून झाली नाही. उताराची वाळू पडलेली नाही. बापूनं नवीन चार्जिंग पंपाचा अर्ज दिलाय, जुन्याची बॅटरी आता तासभर पण टिकत नाही. पुढच्या ग्रामसभेत पुन्हा विचारायचं ठरलंय आणि या वेळी एकटा बापू उभा राहणार नाही.

अजून एक शेतातली गोष्ट. यंदा मळणीच्या टोळीत एक पोरगा होता, त्याला ऐकू येत नाही. टोळीवाला आधी घ्यायलाच तयार नव्हता, म्हणे मशिनीजवळ धोका. मी म्हणालो, मशीन चालू झाल्यावर तुला तरी काय ऐकू येतं? मग खुणा ठरवल्या. उपरणं वर केलं की मशीन बंद, तळहात दाखवला की हात मागं. दोन दिवसांत सगळी टोळी त्याच खुणा करायला लागली, कारण ओरडण्यापेक्षा ते लवकर कळतं. मजुरी त्याला सगळ्यांइतकीच दिली. "अर्ध्या मजुरीत येईल" असा सल्ला देणारे भेटले, पण पोती तर तो पूर्णच उचलत होता.

ज्यांच्या घरात कोणी दिव्यांग आहे त्यांनी एवढं करा :

१) आधी यूडीआयडी कार्ड काढा. स्वावलंबन पोर्टलवर नोंद करायची, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ ला पिवळं, ८० आणि वर निळं. बापूचं ६० टक्के, पिवळं.

२) संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करा. दिव्यांगांचं महिन्याचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार करायचा निर्णय २०२५ मध्ये झाला. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधी बघा.

३) ग्रामपंचायतीत नाव नोंदवा आणि नोंदवल्याची पोच घ्या. नाव यादीत नसेल तर पाच टक्क्यांत तुम्ही नाही.

४) ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा. वसुली किती झाली? त्यातले पाच टक्के कुठं गेले? उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा.

५) काय पाहिजे ते दुसऱ्यानं ठरवू नये. स्वतः लिहून द्या.

आणि ज्यांच्या घरात कोणी नाही त्यांनी कुट्टी मशीनच्या तोंडाला लोखंडी पन्हाळ लांब करून घ्या, पट्ट्याला जाळी बसवा, आणि फुल बाह्यांचा शर्ट, हातातलं कडं, उपरणं बाजूला ठेवून मगच मशीन लावा. हजार-दीड हजारात वेल्डिंगवाला पन्हाळ करून देतो.

बापूला विचारूनच हे सगळं लिहिलंय. तो म्हणाला, "लिही दादा, पण बिचारा म्हणून लिहू नको. पाच टक्क्यांचं लिही."

हरभऱ्याला वापसा आलाय. बियाणं कोणतं घेतलं आणि बीजप्रक्रिया कशी केली ते पुढच्या वेळी लिहितो.