मुरानोचे चषक

व्हेनिसच्या उत्तर काठावरील फोंदामेन्ते नोवे या धक्क्यावरून ‘वापोरेत्तो’ ही प्रवासी बोट सुटली की थोड्याच मिनिटांत मुरानो बेट येते. ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी शक्य तितका जलमार्गच धरावा. व्हेनिसमध्ये पायी फिरताना पायऱ्यांचे पूल सतत आडवे येतात आणि गुडघे बोलू लागतात.

आगीच्या भयाने 1291 साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातील काचभट्ट्या या बेटावर हलवल्या. पुढे पंधराव्या शतकात आंजेलो बारोव्हिएर याने स्फटिकासारखी नितळ काच सिद्ध केली. वनस्पतींच्या राखेतील सोड्यामुळे ही काच बराच वेळ मऊ राहते. म्हणूनच तिला पंख, वेटोळी, फुले असे आकार देता येतात. येथील वस्तुसंग्रहालयात बारोव्हिएरच्या नावाने ओळखला जाणारा निळा चषक आहे. त्यावर मीनाकामात रेखलेले वधूवरांचे चेहरे पाचशेहून अधिक वर्षांनंतरही ताजे वाटतात.

परंतु खरे पाहण्यासारखे आहे ते भट्टीपाशी. मुख्य कारागीर, ‘माएस्त्रो’, आपल्या बाकावर बसलेला असतो. धावपळ करतात ते तरुण साहाय्यक. एक जण लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन येतो. आपल्या चुलीजवळच्या फुंकणीचीच ही थोरली बहीण! फुंकर घातली की गोळा फुगतो. मग दांडा, मग तळ, असे तप्त भाग एकमेकांस जोडले जातात. तळाला भरीव सळई चिकटवून फुंकनळी सोडवतात आणि तोंड पुन्हा तापवून चषकाचा ओठ उघडतात. दांड्याभोवतीचा सर्प तर माएस्त्रो चिमट्याच्या चार-सहा चिमट्यांत घडवतो. तयार चषक लगेच बाहेर काढत नाहीत, नाहीतर तो तडकेल. दुसऱ्या भट्टीत त्याला कित्येक तास हळूहळू निववतात.

भट्टीची धग दूरवर जाणवते, त्यामुळे वृद्धांना दाराजवळ बसवावे आणि पाणी हाताशी ठेवावे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. त्यांनी मागण्याची वाट पाहू नये. माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंच्या हाताला कंप आहे. सांडू नये म्हणून आम्ही त्यांना झाकणाचा प्लास्टिकचा कप दिला होता आणि तो रोज अर्धा भरलेलाच परत येई.

भट्टीशेजारच्या दुकानात त्यांनी सर्पाकृती चषकाकडे कौतुकाने पाहिले, हात मात्र लावला नाही. मग त्यांची नजर ‘गोतो’वर गेली. हा बिनदांड्याचा, बुटका, रंगीत पेला. भट्टीवरचे कामगार उरलेल्या काचेतून तो स्वतःसाठी घडवत. मी म्हटले, “अहो आई, फुटेल हो.” त्या म्हणाल्या, “फुटला तर फुटला. लहान मुलासारखं किती दिवस प्यायचं?”

मला चषकापेक्षा गोतोच अधिक आवडला. तो रुंद बुडाचा आणि जाड आहे, दोन्ही तळव्यांत नीट बसतो, आणि वजनामुळे थरथर थोडी दबते. घरी तो अर्धाच भरतो आणि दिवसातून अनेकदा देतो. खाली रबरी चटई असते. चहा मात्र त्यात कधीच ओतत नाही. जाड काच एकदम तापली की तडकते.