मागची सीट

१९९४ च्या जूनमध्ये माझ्या बायकोनं मला एक सायकल मागितली होती आणि मी ती दिली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. गेल्या जानेवारीपर्यंत वाटलं नव्हतं.

तेव्हा अमरावतीपासून सहा किलोमीटरवरच्या एका गावात, एका खासगी शाळेत तिला नोकरी लागली होती. एसटी एक तर फार लवकर होती, नाही तर फार उशिरा. तिनं हिशेब करून सांगितलं, सायकलनं अर्ध्या तासात पोचते. माहेरी अकोल्याला ती भावाची सायकल कैची मारून शिकली होती. मी म्हणालो, "घरी स्कूटर आहे. मास्तराची बायको सायकलवर फिरली तर लोक काय म्हणतील?" आणि रोज तिला सोडायला जाऊ लागलो. माझ्या शाळेची वेळ आणि तिच्या शाळेची वेळ काही जमेना. ती मागच्या सीटवर घड्याळाकडे पाहत बसलेली असायची. दीड वर्षानं तिनं नोकरी सोडली. मला हायसं वाटलं, हेही इथंच कबूल करतो.

लोकांचं नाव मी पुढं केलं, पण सायकलची लाज माझीच होती. माझं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाण पट्ट्यातलं. विहिरीला पाणी लागायचं, पण ते तोंडात धरवत नसे. गोड पाणी लांबून आणावं लागे. माझे वडील सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे बांधून ते आणायचे. येताना सायकलवर बसता येत नसे, ढकलत यायचे. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचे पांढरे डाग पडलेले असत. शाळेतली पोरं पाहायची आणि मी दुसरीकडं बघायचो. नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट केली ती स्कूटर घेतली. सायकल म्हणजे जे मागं टाकून आलो ते, असं मनात पक्कं बसलं. बापाच्या कष्टांची मला लाज वाटत होती आणि त्या लाजेला मी घराण्याची इज्जत म्हणत होतो.

मी भूगोल शिकवायचो. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत खेड्यापाड्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या, हे मी वर्गात रंगवून सांगत असे. पुढं सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून लांबून येणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या. आमच्या शाळेत वाटप झालं तेव्हा यादी मीच तयार केली होती. कोणती मुलगी किती किलोमीटरवरून येते, हे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी घरी आलो, चहा घेतला. समोर चहा ठेवणारी बाई कधी काळी सहा किलोमीटरसाठी सायकल मागत होती, हे मला आठवलं नाही. हे न आठवणं मला आज सगळ्यात जास्त बोचतं.

मी निवृत्त झालो. मुलगी लग्न होऊन गेली, तिची जुनी सायकल जिन्याखाली पडून होती. एक दिवस बायकोनं ती दुरुस्त करून आणली. आधी गल्लीत, मग दोन मैत्रिणींबरोबर छत्री तलावापर्यंत. मी विरोध केला. पोहऱ्याच्या जंगलातून बिबट येतात, हे खरंच होतं. या वयात पडलीस तर हाड जुळायचं नाही, हेही खरंच. पण खरं कारण वेगळं होतं. गरजेची सायकल मी समजू शकत होतो. वडिलांची, दूधवाल्याची, त्या मुलींची. कुठं पोचायचं नसताना सायकल चालवणं मला चोचले वाटत होते. आमच्या वऱ्हाडात, जिथं पीक बुडालं की घरं उद्ध्वस्त होतात, तिथल्या पांदणीनं हौसेखातर फिरायचं? मला ते शेतकऱ्यांना वाकुल्या दाखवण्यासारखं वाटे. हा विचार मला फार उदात्त वाटायचा.

जानेवारीत त्या तिघींनी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाच्या कालव्याकाठानं जायचं ठरवलं. सायकली टेम्पोनं सिंभोऱ्यापर्यंत न्यायच्या, तिथून कालव्याच्या रस्त्यानं जमेल तितकं जायचं आणि परत यायचं. मी म्हणालो, मी कार घेऊन मागं राहतो. त्या काही बोलल्या नाहीत.

धरणाच्या नळ-दमयंती सागरात पाणी भरपूर होतं. रब्बीची पाळी सुरू होती, कालवा काठोकाठ वाहत होता. तिघी पुढं, मी मागं. पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. काचा बंद. त्या मध्येच थांबायच्या, काही तरी बोट दाखवून बघायच्या, हसायच्या. मला काचेतून फक्त पाठी दिसत होत्या. अर्ध्या तासानं बायको मागं आली, काच खाली करायला लावली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या इंजिनाचा आवाज डोक्यात बसतोय." मी तरी मागं येतच राहिलो.

पुढं एका ठिकाणी रस्त्यावर सिमेंटचे खांब रोवलेले होते, मोठ्या गाड्या जाऊ नयेत म्हणून. तिघींनी सायकली मधून काढल्या आणि निघाल्या. कार जाणार नव्हती. शेजारच्या वावरात एक माणूस हरभऱ्याला पाणी देत होता. तो म्हणाला, "गाडी नाई जात भाऊ अथून. सायकलच जाते." मी विचारलं, दुसरा रस्ता? "हाय ना. पण तो लय फेऱ्याचा." मग त्यानं त्या गेल्या त्या दिशेला पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ द्या ना त्याईले. येतीन वापस."

मी इंजिन बंद केलं.

तीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या गाडीच्या पुढं, माझ्याशिवाय आणि माझ्या नजरेबाहेर गेली होती. मी खांबाजवळ उभा राहिलो. तिच्या सायकलच्या चाकाची रेघ मुरमावर दिसत होती. थोडी नागमोडी, पण पुढं गेलेली. ती रेघ पाहताना मला ते घड्याळ आठवलं. मागच्या सीटवरून माझ्या खांद्याजवळ येणारा तिचा डावा हात आणि त्यावरचं घड्याळ. मी रोज पाहत होतो ते. एकदाही उशिराबद्दल तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि मी त्याला समजूतदारपणा म्हणत होतो.

मग मी काठावर बसलो. इतकं गोड पाणी मी इतक्या जवळून, इतक्या सावकाश कधी पाहिलं नव्हतं. याच धरणाचं पाणी अमरावतीत आमच्या नळाला येतं. नकाशावर हा कालवा निळ्या रेघेनं मी कितीदा काढला असेन. इथं पाण्याला आवाज होता. खंड्या तारेवरून सूर मारत होता, पलीकडं संत्र्याचा बगीचा होता, गव्हाचा गार वास येत होता. वडील डबे बांधलेली सायकल ढकलत यायचे त्या रस्त्याकडेला असं पाणी आपलं आपण वाहत असतं तर ते सायकलवर बसून आले असते. कदाचित शीळ घालत आले असते. माणसाला सायकलवर हौसेनं बसायला मिळावं, याच्यासाठीच तर पाणी आणायचं. मी उलटं धरून बसलो होतो. ज्यांना कष्ट आहेत त्यांच्यासमोर आनंद करू नये, असं म्हणत मी फक्त माझ्या घरातल्या एका माणसाचा आनंद अडवला होता. शेतकऱ्याचं त्यानं काहीच भलं झालं नव्हतं. तो हरभऱ्याला पाणी देणारा माणूस तर त्यांना हात करून मोकळा झाला होता.

त्या दीड तासानं आल्या. बायकोच्या कपाळावर धूळ होती. ती सांगत सुटली. जलसेतूनं कालवा नाल्याच्या वरून कसा जातो, एका ठिकाणी तुरीची मळणी चालली होती, तिथल्या बाईनं बसवून घेतलं. कालव्याच्या काठाला स्वतःचे किलोमीटरचे दगड असतात, हे भूगोलाच्या मास्तरला तिनं सांगितलं. मी ऐकत राहिलो. माफी मागायची होती, पण मैत्रिणी होत्या आणि मला ती सवयही नव्हती.

फेब्रुवारीत मी जुनी सायकल घेतली आणि त्या कालव्याकाठी जाऊ लागलो. फ्रान्समध्ये १६८१ साली खुल्या झालेल्या कनाल द्यू मिदीच्या काठची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती, तिथं आज लोक सायकलनं फिरतात. आपल्याकडची कालव्याची वाट पाहणीच्या जीपसाठी आहे, म्हणून ती ओबडधोबड आहे आणि सावली कमी. उन्हाळ्यात वऱ्हाडात नऊच्या आत घरी परतावं लागतं. तरीही ती वाट चांगली आहे, मी मनापासून सांगतो.

अकोल्याला सासुरवाडीला आम्ही शंभरेक किलोमीटर कारनंच जायचो. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हा मला अभिमान वाटला होता. आजही वाटतो. पण त्या रस्त्यानं जाताना आम्ही दोघं फारसं बोलत नसू. मार्चमध्ये पहाटे आम्ही अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीहून महान गावाकडं सायकलनं गेलो. काटेपूर्णा धरणाच्या भिंतीवर ऊन चढत होतं, पलीकडं अभयारण्याचं पानगळीचं जंगल. मी सवयीनं पुढं निघून जात होतो, थांबत होतो, परत पुढं जात होतो. शेवटी तिच्या चाकाला चाक लावून चालवायला लागलो. ते मला अवघड गेलं.

धरणाजवळ दगडावर बसून पराठे खाल्ले. मी विचारलं, "तेव्हा मी सायकल घेऊन दिली असती, तर कुठं कुठं गेली असतीस?"

तिनं बराच वेळ पाण्याकडं पाहिलं.

"कुठं नाही," ती म्हणाली. "शाळेत गेली असती आणि घरी आली असती."